‘फेल’ हा शब्द आला कुठून आणि त्याचा खरा अर्थ काय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, एका विषयात राहिला. समजूत घालायला आलेल्या कुणी सांगितलं, ‘फेल’ म्हणजे ‘फर्स्ट अटेम्प्ट इन लर्निंग’, शिकण्यातला पहिला प्रयत्न, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. दुसरं कुणी म्हणालं, हा शब्द आपल्या ‘विफल’वरूनच इंग्रजीत गेलाय. ताईंनी विचारलंय की खरं मूळ काय, नेमका अर्थ काय, आणि मुलानं पुढच्या अर्जात काय लिहायचं.

ताई, मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता आसपासच्या गावांतले लोक इंग्रजी आणि कन्नड कागद घेऊन येतात, ते मी मराठीत समजावून देतो. त्यामुळं हा शब्द मला निकालपत्रात भेटला तेवढाच बँकेच्या नोटिशीत आणि दवाखान्याच्या फायलीतही भेटलाय. आधी त्या दोन ऐकीव गोष्टींचं सांगतो.

‘फर्स्ट अटेम्प्ट इन लर्निंग’ हे शब्द तयार झाल्यावर शेकडो वर्षांनी कुणीतरी त्याच्या अक्षरांत बसवलेलं वाक्य आहे. मोबाइलवर फिरताना त्याखाली बहुतेक वेळा डॉ. अब्दुल कलामांचं नाव असतं. इंग्रजीत आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची रीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. ‘रडार’ हा तसा शब्द, १९४०च्या सुमाराचा. ‘फेल’ इंग्रजीत तेराव्या शतकापासून आहे. शाळेच्या भिंतीवर ते वाक्य लावलं तर माझी हरकत नाही, पण ते शब्दाचं मूळ नव्हे.

‘विफल’चं म्हणणं कानाला पटतं. ‘फल’, ‘विफल’, ‘फोल’, ‘फेल’ सगळे एकाच घरातले वाटतात. पण भाषांची नाती नुसत्या कानानं जुळत नाहीत, नियमानं जुळतात. शब्दाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये ‘फ’ असेल तर संस्कृतात तिथं सहसा ‘भ’ किंवा ‘ध’ सापडतो. लॅटिन ‘फ्रातेर’ म्हणजे आपला भ्राता, लॅटिन ‘फूमुस’ म्हणजे आपला धूम, धूर. संस्कृत ‘फल’ या नियमात बसत नाही. ‘फेल’चं मूळ लॅटिन आहे आणि तिथून इंग्रजीपर्यंतची वाट पावलापावलानं दाखवता येते. उलट काही अभ्यासक लॅटिन धातूचं नातं आपल्या ‘स्खलन’मधल्या ‘स्खल्’शी, म्हणजे ठेच लागून अडखळण्याशी जोडतात. त्यावर एकमत नाही, पण ‘विफल’पेक्षा ते कितीतरी जवळचं आहे.

तर मूळ क्रियापद लॅटिन ‘फाल्लेरे’. त्याचा अर्थ फसवणं, चकवणं, नजरेतून निसटणं. बोलीभाषेतल्या लॅटिनमधून ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘फाइलिर’ झालं आणि अर्थ सरकला: कमी पडणं, संपून जाणं, चुकणं. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकनं, म्हणजे तिथल्या सरदारानं, इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली. त्या ओघात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले, त्यातलाच हा एक.

फसवणं आणि कमी पडणं यांचा संबंध काय, असं विद्यार्थी हमखास विचारायचे. इंग्रजी माणसाला हे समजावणं अवघड जाईल, मराठी माणसाला नाही. पाऊस आला नाही तर आपण काय म्हणतो? पावसानं दगा दिला. ढग येऊन नुसते गेले तर पावसानं हुलकावणी दिली. घाटात गाडी बंद पडली तर ऐनवेळी गाडीनं दगा दिला. पाऊस काही माणूस नाही, त्याच्या मनात कपट नाही. पण आपण त्याच्या भरवशावर पेरलं आणि तो आला नाही, म्हणून फसवणुकीचा शब्द वापरला. लॅटिनमध्ये नेमकं हेच झालं. ज्याच्यावर भिस्त होती ते वेळेला उभं राहिलं नाही, त्यानं ‘चकवलं’. मग चकवल्याचा भाग पुसट झाला आणि ‘वेळेला उभं राहिलं नाही’ एवढंच उरलं.

मला तर आपलं ‘चुकणं’ हे क्रियापद याहून जवळचं वाटतं. उत्तर चुकलं, बस चुकली, वाट चुकली, नजर चुकवली, देणं चुकवलं, त्यानं चकवा दिला. चूक होणं, हातचं जाणं, टाळणं, फसवणं या चारही छटा आपल्याकडं एकाच घरात नांदतात. लॅटिन ‘फाल्लेरे’चं मराठी करायला मला कुणी सांगितलं तर मी ‘चुकवणं’ आणि ‘चकवणं’ हेच शब्द घेईन. इंग्रजी नोटिशीत ‘विदाउट फेल’ असतं, त्याचं मराठी आपण पिढ्यान्पिढ्या ‘न चुकता’ असंच करत आलोय, आणि ते अगदी तंतोतंत आहे.

एकदा हे मूळ हाती आलं की त्याची भावंडं ओळखू येतात. ‘फॉल्स’ म्हणजे खोटं, हे त्याच लॅटिन क्रियापदाचं भूतकाळी रूप. ‘फॅलसी’ म्हणजे फसवा तर्क. ‘फॉल्ट’ म्हणजे दोष, उणीव. ‘डिफॉल्ट’ही त्यातलाच. कर्जाचा हप्ता आला नाही की डिफॉल्ट. कॉम्प्युटरमध्ये ‘डिफॉल्ट’ म्हणजे तुम्ही काहीच निवडलं नाही, तुमच्याकडून सूचना आली नाही, तेव्हा आपोआप लागू होतं ते. दोन्हीकडं मूळ भाव ‘यायला हवं होतं ते आलं नाही’ हाच. जर्मन लोकांनी फ्रेंचांकडून हाच शब्द ‘फेलेन’ म्हणून घेतला. त्यांना कुणाची आठवण येते तेव्हा ‘तू मला कमी पडतोस’ अशा रचनेत तेच क्रियापद येतं. इटालियनमध्ये ‘फाल्लिमेंतो’ आणि फ्रेंचमध्ये ‘फाइइत’ म्हणजे दिवाळं. आपण चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की जुन्या ख्रिस्ती थडग्यांवर नावाखाली ‘फालेसेउ’ आणि पुढं तारीख दिसते. तेही याच घराण्यातलं. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ निधन झालं.

‘फेल्युअर’ हे नाम मात्र बरंच उशिराचं, सतराव्या शतकातलं. इंग्रज वकिलांच्या कोर्टी फ्रेंचमध्ये ‘फेलर’ असं रूप होतं. क्रियापदच नाम म्हणून वापरायची ती रीत, ‘डिनर’ हा शब्दही असाच झालाय. पुढं ‘फिगर’सारख्या शब्दांच्या वळणानं लिहिताना त्याचं शेपूट बदललं. आजची मुलं ‘एपिक फेल’ म्हणतात, ती चाल १९९८च्या एका जपानी व्हिडिओ गेममधल्या मोडक्यातोडक्या इंग्रजी वाक्यापासून पसरली असं सांगतात. पण ‘फेल’ नाम म्हणून वापरणं त्याहून फार जुनं आहे. ‘विदाउट फेल’मध्ये तो नामच आहे.

आता अर्थाकडं येतो, कारण आपल्या भागात गोंधळ तिथं आहे. परीक्षेमुळं आपण ‘फेल’ म्हणजे हार असं धरून बसलोय. इंग्रजीत हरण्याला वेगळा शब्द आहे. मॅच हरलेल्या टीमला कुणी ‘फेल’ म्हणत नाही, ‘लॉस्ट’ म्हणतात. ‘फेल’चा गाभा म्हणजे ज्याची भिस्त होती ते पुरं पडलं नाही. आपल्या बोलण्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. अथणीकडचा शेतकरी ‘बोअर फेल गेली’ म्हणतो, तेव्हा बोअर कुणाशी हरलेली नसते, पाणी लागलेलं नसतं. पीक फेल, मोटार फेल, ट्रान्सफॉर्मर फेल हे सगळे वापर इंग्रजीच्या आठशे वर्षांच्या वापराशी जुळतात. बँक फेल झाली म्हणजे ठेवीदार पैसे मागायला गेले आणि बँकेकडं द्यायला पुरेसं नव्हतं.

इंजिनियर लोकांचा ‘फेल-सेफ’ हा शब्द तर पुष्कळ शिकलेलेही चुकीचा समजतात. ‘कधी बिघडणारच नाही’ असा त्याचा अर्थ नाही. बिघडलं तरी धोक्याच्या बाजूला न जाता सुरक्षित बाजूला जाईल, असा आहे. कॅसलरॉकहून खाली कुळेंकडं उतरणारा ब्रगांझा घाटाचा रेल्वेमार्ग ३७ला १ इतक्या उताराचा आहे. तिथं उतरणाऱ्या गाडीच्या एअर ब्रेकची रचना अशी की नळीत हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतात. ज्यानं ही यंत्रणा रचली त्यानं बिघाड होणार हे आधीच धरून ठेवलं होतं.

सगळ्यात जास्त त्रास मी ‘हार्ट फेल’ या शब्दानं झालेला पाहिलाय. आपल्या गावांत ‘हार्ट फेल होऊन गेले’ म्हणजे माणूस बसल्याजागी गेला. त्यामुळं दवाखान्याच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ वाचलं की घरात रडारड सुरू होते. एका घरात रुग्ण स्वतः खाटेवर बसून चहा पीत होते आणि लेकी पदर डोळ्याला लावून बाहेर उभ्या होत्या. डॉक्टरी भाषेत इथं तीन वेगळे आजार आहेत. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली तर तो अटॅक. हृदय धडधडायचं एकदम थांबलं तर तो कार्डिअ‍ॅक अरेस्ट. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला हवं तेवढं रक्त ढकलायला ते कमी पडतंय. म्हणून धाप लागते, पाय सुजतात. औषधं, मिठाचं पथ्य आणि नियमित तपासणी यांवर अशी माणसं पुष्कळ वर्षं काढतात. हा आजार हलका नाही, उपचार टाळून चालत नाही, पण तो मृत्यूचा दाखलाही नाही.

त्याच कागदावर ‘इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के’ असं असतं. लोक ते शंभरपैकी पस्तीस असं वाचतात आणि काठावर पास की नापास याचा हिशेब करतात. निरोगी हृदयही आतलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही. साधारण ५० ते ७० टक्के टाकतं, तेवढं ते नॉर्मल. तेव्हा तो आकडा शंभराशी ताडायचा नसतो. पस्तीस हा कमीच आहे, पण शंभरातले पासष्ट गेले असं नव्हे. ‘किडनी फेल’चंही तसंच. मूत्रपिंड रक्त पुरेसं गाळत नाही एवढाच त्याचा अर्थ. किती कमी पडतंय यावर औषध की डायलिसिस हे ठरतं. कागद हातात आला की शब्दाला घाबरण्याआधी डॉक्टरांना ‘किती कमी पडतंय?’ हे विचारा.

नोटिशीतला ‘फेल’ आणखी वेगळा. ‘यू हॅव फेल्ड टू पे’ या वाक्याचं मराठी कागदोपत्री ‘आपण हप्ता भरण्यात अयशस्वी ठरला आहात’ असं केलेलं दिसतं. हे भाषांतर चुकीचं आहे आणि वाचणाऱ्याला उगाच खजील करतं. ‘फेल टू’ म्हणजे प्रयत्न करून हरणं नव्हे. करायला हवं होतं ते केलं नाही, एवढंच. साधं मराठी ‘आपण हप्ता भरलेला नाही’. ‘फेल्ड टू अपिअर’ म्हणजे हजर राहिला नाही. ‘फेलिंग विच’ म्हणजे तसं न केल्यास. ज्या वाक्यात हे दोन शब्द आहेत ते नीट वाचायचं, कारण मुदत त्याच्या अलीकडं असते आणि कारवाई पलीकडं. वीजबिलाचा, सोसायटीचा, कोर्टाचा, कुठलाही कागद असो. ‘आय फेल टु अंडरस्टँड’ असं कुणी साहेबानं लिहिलं तर त्याची समज कमी पडली असं समजू नका. तो रागावलाय आणि खुलासा मागतोय.

आता परीक्षा. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, नंतर १९५६पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं इथली मुलं बराच काळ मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत. पास आणि फेल हे दोन शब्द त्या वाटेनं घराघरात गेले. ‘फेल’ आपण जसाच्या तसा ठेवलाच, पण त्याच्या जोडीला इंग्रजी ‘पास’ला फारसीचा ‘ना’ लावून ‘नापास’ही केला, नापसंत आणि नालायकच्या धर्तीवर. इथली कन्नडही तेच करते. शेजारचा कन्नड मुलगा ‘फेल आग्यान’ म्हणेल किंवा ‘नपास आग्यान’ म्हणेल. सरकारी कागदावर दोन्ही भाषांत ‘अनुत्तीर्ण’, म्हणजे पार न झालेला. त्या जुन्या काळी माणसं नावापुढं ‘बी.ए. फेल’ असं लिहीत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. मी बी.ए.पर्यंत शिकलोय, शेवटची परीक्षा राहिली, ही शिक्षणाची पायरी म्हणून ते सांगत.

आणि तुम्ही प्रश्नात जे लिहिलंत, ‘एका विषयात राहिला’, ते आपल्या भागातलं बोलणं मला सगळ्यात अचूक वाटतं. गणित राहिलं. म्हणजे बाकी आहे, करायचंय. सीबीएसईनं २०२० साली ‘फेल’ काढून त्या जागी ‘इसेन्शियल रिपीट’ घातलं, महाराष्ट्राच्या बोर्डानंही गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ शेरा बदलला. शब्द बदलल्यानं मुलाला थोडा धीर येतो, हे मी मान्य करतो. पण मुलाला कुठं कमी पडलं हे कुणी बसून सांगितलं नाही तर नवा शब्दही सहा महिन्यांत शिवी होतो. ‘एफ’ या अक्षराचंही तसंच झालंय. अमेरिकेतल्या माउंट होल्योक महाविद्यालयानं १८९७ साली अक्षरी श्रेणी लावली तेव्हा नापासाला ‘ई’ होता, ‘एफ’ पुढच्या वर्षी आला. आज व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, निकालावर तेच अक्षर दिसलं की पोरं मोबाइल उलटा ठेवतात.

एक अर्थ मात्र आपण इंग्रजीतून उचललाच नाही, आणि तो उचलायला हवा असं मला फार मनापासून वाटतं. इंग्रजीत ‘फेल’ची वाक्यं तीन तऱ्हांनी होतात. ‘ही फेल्ड द एक्झाम’, म्हणजे मुलगा परीक्षेत नापास. ‘द एक्झामिनर फेल्ड हिम’, म्हणजे परीक्षकानं त्याला नापास केलं. आणि तिसरं, ‘द स्कूल फेल्ड हिम’. इथं मुलगा नापास नाही. शाळेनं त्याला दगा दिला, त्याला जे मिळायला हवं होतं ते दिलं नाही. म्हणजे लॅटिनमधला जुना अर्थ इथं जसाच्या तसा जिवंत आहे. आपल्या ‘नापास’ला हे जमत नाही. त्याचा कर्ता कायम पोरगाच. ज्या वर्गाला अर्धं वर्ष इंग्रजीचा शिक्षकच नव्हता त्या वर्गातला पोरगाही ‘नापास झाला’ असंच आपण म्हणतो. सीमाभागात मुलाच्या दप्तरात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषा आणि तीन लिप्या असतात. घरी एक, बसच्या पाटीवर दुसरी, परीक्षेच्या अर्जावर तिसरी. इतकं ओझं उचलून चालणाऱ्या मुलाला एका विषयात पास होण्यापुरते गुण पडले नाहीत, तर कोण कुणाला कमी पडलं हा प्रश्न विचारायलाच हवा. मी पालकांच्या सभेत हे बोलायचो तेव्हा काही सहकाऱ्यांना राग यायचा. पण शाळा कमी पडली, आम्ही कमी पडलो, हे मराठीत म्हणता येतं, आणि म्हटलं की मग जादा तास कुणी घ्यायचे यावर बोलणं सुरू होतं.

आता अर्जाचं. ‘आय अ‍ॅम फेल’ असं लिहू नये. ‘फेल’ हे क्रियापद आहे, माणसाचं विशेषण नाही. ‘आय फेल्ड इन मॅथमॅटिक्स’ किंवा नुसतं ‘आय फेल्ड मॅथमॅटिक्स’, दोन्ही चालतं. पहिलं आपल्याकडं जास्त रूढ आहे. एसएसएलसीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान असे सहा विषय. म्हणून जिथं शैक्षणिक माहिती वाक्यात द्यायची असेल तिथं ‘पाच विषय उत्तीर्ण, गणित बाकी’ असं इंग्रजीत लिहावं: ‘पास्ड फाइव्ह सब्जेक्ट्स, मॅथमॅटिक्स टु बी क्लिअर्ड’. तुमच्या मुलाचा राहिलेला विषय दुसरा असेल तर नाव तेवढं बदला. जिथं नुसती पास किंवा फेल अशी चौकट असेल तिथं खरी तीच खूण करावी, लपवू नये. आणि शिक्षणाच्या रकान्यात पूर्ण झालेली शेवटची इयत्ता, म्हणजे नववी, लिहिली तरी ते बरोबरच आहे.

कर्नाटकात २०२४पासून एसएसएलसीच्या वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात: परीक्षा-१, मग परीक्षा-२. पूर्वीची ‘सप्लिमेंटरी’ आता त्यातच आली. ज्या विषयात राहिलाय तेवढाच पुन्हा देता येतो आणि पास झालेल्या विषयांना धक्का लागत नाही. परीक्षा-२चे अर्ज शाळेतूनच भरले जातात आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, तेव्हा उद्या सकाळी हेडमास्तरांना भेटून तारीख विचारून घ्या. जाताना मुलाला बरोबर घेऊन जा. उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची सोयही असते, तीही मागवा. नेमकं कुठल्या धड्यावर गुण गेले हे त्यावरून कळेल.